चेंडू हातातून सुटेपर्यंत

१९ डिसेंबर २०१९. कोलकात्यात आयपीएलचा लिलाव चालू होता. अंबाजोगाईच्या दिग्विजय देशमुखचं नाव पुकारलं गेलं आणि मुंबई इंडियन्सने त्याला २० लाख रुपयांच्या मूळ किमतीला घेतलं. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. मध्यमगती मारा करणारा आणि खालच्या क्रमांकावर फटके मारणारा हा मुलगा अनेकांना २०१३ च्या ‘काय पो छे’ चित्रपटातला अली म्हणूनच माहीत होता. महाराष्ट्राच्या रणजी संघात त्याने पाऊल ठेवलं ते त्याच महिन्यात. त्याच लिलावात कोलकाता नाइट रायडर्सने ऑस्ट्रेलियाच्या पॅट कमिन्सवर १५ कोटी ५० लाख रुपये लावले. आणि त्याच महिन्यात अमेरिकेत न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाने गेरिट कोल या पिचरशी नऊ वर्षांचा, ३२ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला.

तिघांचं काम वरवर पाहता सारखंच आहे. समोरच्या माणसाला सहज मारता येणार नाही असा चेंडू टाकायचा, आणि तो पुन्हा पुन्हा टाकायचा. मग एकाच्या चेंडूचं मोल लाखांत आणि दुसऱ्याचं शेकडो कोटींत का? बाजार मोठा-लहान असतो, हे उत्तराचं एक अंग झालं. दुसरं अंग जास्त महत्त्वाचं आहे: चेंडू टाकणाऱ्याचं काम नेमकं मोजायचं कसं? या प्रश्नावर बेसबॉलवाल्यांनी शंभर वर्षांहून अधिक काळ डोकं खपवलं आहे. त्यांना जे सापडलं, ते बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही मैदानावरच्या प्रशिक्षकाला उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

स्टार्टर म्हणजे कोण?

बेसबॉलमध्ये सामन्याचा पहिला चेंडू टाकणाऱ्या पिचरला स्टार्टर म्हणतात. तो साधारण ९० ते १०० चेंडू टाकतो, नऊपैकी पाच-सहा डाव सांभाळतो आणि मग पुढचे चार-पाच दिवस हाताला विश्रांती देतो. १६२ सामन्यांच्या हंगामात तो तीस-बत्तीस वेळा मैदानात उतरतो.

तो ६० फूट ६ इंचांवरून चेंडू फेकतो. आपली खेळपट्टी ६६ फुटांची. चेंडू टप्पा न घेता थेट फलंदाजाकडे जातो. होम प्लेट १७ इंच रुंद असते. तिच्यावर, फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीखालपर्यंत, हवेत एक अदृश्य चौकट मानलेली असते. चेंडू त्या चौकटीतून गेला आणि फलंदाजाने सोडला, तर तो ‘स्ट्राइक’. बाहेरून गेला आणि फलंदाज फसला नाही, तर ‘बॉल’. तीन स्ट्राइक झाल्या की फलंदाज बाद, चार बॉल झाले की फलंदाजाला फुकटात पहिला तळ. या फुकटच्या चालीला ‘वॉक’ म्हणतात. आपल्याकडे वाइड पडला की एक धाव जाते. तिथे चार चेंडू चुकले की एक माणूस तळावर जाऊन बसतो आणि पुढच्या फटक्याला धाव घेऊ शकतो. म्हणून तिथे नियंत्रणाला पहिल्यापासूनच किंमत आहे.

जुना हिशेब कुठे चुकत होता?

पिचरचं मोजमाप बरीच वर्षं दोन आकड्यांवर चाललं. एक, त्याच्या नावावर किती विजय. दोन, नऊ डावांमागे त्याने सरासरी किती धावा दिल्या. या दुसऱ्या आकड्याला ‘ईआरए’ म्हणतात, आणि त्यात क्षेत्ररक्षकांच्या उघड चुकांमुळे गेलेल्या धावा धरत नाहीत.

विजयाचा आकडा किती फसवा असतो, हे २०१८ मध्ये सगळ्यांना दिसलं. न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमने त्या हंगामात २१७ डाव टाकले, २६९ फलंदाजांना स्ट्राइकवर बाद केलं आणि फक्त ४६ वॉक दिले. नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावा होत्या १.७०. इतकं करूनही त्याच्या नावावर १० विजय आणि ९ पराभव लागले, कारण त्याच्या संघाचे फलंदाज त्याच्या सामन्यांत धावाच करत नव्हते. जुन्या हिशेबाने तो मध्यम ठरला असता. मतदारांनी मात्र सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच दिला.

त्याआधीच, २००१ मध्ये, व्होरोस मॅक्रॅकन या अभ्यासकाने एक मूलभूत गोष्ट मांडली होती. फलंदाजाने चेंडू मैदानात मारल्यानंतर तो झेलात जाईल की दोन माणसांच्या मधून निसटेल, यावर पिचरचा ताबा फारच थोडा असतो. तिथे क्षेत्ररक्षण, मैदान आणि नशीब बोलतं. पिचरच्या स्वतःच्या हातात ठळकपणे तीन गोष्टी असतात: स्ट्राइकवर बाद करणं, वॉक न देणं आणि चेंडू कुंपणापलीकडे जाऊ न देणं. या तीन गोष्टींवर पुढे एक सूत्र बसवलं गेलं. कुंपणापलीकडे गेलेल्या चेंडूंना, म्हणजे होमरनना, १३ ने गुणा, वॉक आणि अंगाला लागलेल्या चेंडूंना ३ ने गुणा, या बेरजेतून स्ट्राइकवरच्या बळींची दुप्पट वजा करा, डावांनी भागा, आणि आकडा ईआरएच्या पट्टीवर यावा म्हणून साधारण ३ मिळवा. मागच्या वर्षीच्या धावांपेक्षा हा आकडा पुढच्या वर्षीचा अंदाज अधिक चांगला देतो, असं वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दिसलं. पगार पुढच्या वर्षांचा द्यायचा असतो, त्यामुळे संघमालकांना हाच अंदाज हवा होता.

हे आपल्या मैदानावर आणून पाहू. समजा, तालुक्याच्या स्पर्धेत दोन पोरांनी दहा-दहा षटकं टाकली. दोघांनीही ४२ धावा दिल्या. पहिल्याला तीन बळी, दुसऱ्याला एक. वर्तमानपत्रात नाव पहिल्याचं येईल. आता चेंडूगणिक नोंद ठेवलेली वही उघडा. पहिल्याचे ६० पैकी २२ चेंडू टप्प्यावर, सात वाइड, आणि तीनपैकी दोन बळी फुलटॉसवर सीमारेषेजवळ झेल गेलेले. दुसऱ्याचे ४४ चेंडू टप्प्यावर, वाइड एक, पाच वेळा बॅटची कड लागलेली. त्यांतले दोन झेल सुटले आणि दोन चेंडू स्लिपच नसल्यामुळे चौकार गेले. पुढच्या सामन्यात नवा चेंडू कुणाच्या हाती द्यायचा? धावफलक पहिल्याकडे बोट दाखवतो, वही दुसऱ्याकडे. मी वहीचं ऐकेन. फुलटॉसवर रोज झेल मिळत नाहीत, आणि टप्प्यावरचा चेंडू रोज दुर्दैवी ठरत नाही.

नाण्यावर टप्पा

नियंत्रणाचं नाव निघालं की मराठी माणसाला बापू नाडकर्णी आठवतात. जन्म १९३३ चा, नाशिकचा. डावखुरे फिरकी गोलंदाज. सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू पाडायचा त्यांचा रिवाज क्रिकेटच्या गोष्टींत अजून सांगितला जातो.

जानेवारी १९६४, मद्रास. समोर इंग्लंड. खेळपट्टीवर ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन. बापूंनी एकामागून एक २१ षटकं निर्धाव टाकली. सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. त्या डावातला त्यांचा हिशेब असा: ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. १९२ चेंडूंत पाच धावा! ४१ कसोटींच्या कारकिर्दीत त्यांनी षटकामागे सरासरी १.६७ धावा दिल्या आणि ८८ बळी घेतले.

बापूंबद्दलचा आदर जराही कमी न करता त्या हिशेबातला शेवटचा आकडा पाहिला पाहिजे. शून्य बळी. सामना अनिर्णित राहिला. चेंडू हव्या त्या जागी पाडणं ही एक विद्या, आणि त्या जागी पडलेल्या चेंडूने फलंदाजाला संकटात टाकणं ही दुसरी. पहिल्या विद्येने धावा आटतात, दुसरीने माणसं बाद होतात. गोलंदाज तोलताना दोन्ही पारड्यांत वजन घालावं लागतं.

बेसबॉलमध्ये या दोन टोकांची दोन मोठी माणसं आहेत. नोलन रायन हा तुफान वेगाचा पिचर. त्याचे ५,७१४ स्ट्राइकवरचे बळी हा विक्रम आहे, आणि त्याने दिलेले २,७९५ वॉक हाही विक्रमच आहे. दुसरा ग्रेग मॅडक्स. वेग बेताचा, पण १९९७ च्या हंगामात २३२ हून अधिक डाव टाकून त्याने फक्त २० वॉक दिले, आणि त्यांतलेही ६ संघाच्या डावपेचाचा भाग म्हणून मुद्दाम दिलेले. शिवाय त्याच हंगामात त्याने १७७ फलंदाज स्ट्राइकवर बाद केले. म्हणजे चेंडू जागेवर होता आणि त्याला दातही होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला पाच वर्षांसाठी ५ कोटी ७५ लाख डॉलर कबूल केले. तेव्हा बेसबॉलमधला तो सर्वांत मोठा करार होता. नियंत्रणाला इतका दाम बाजारात क्वचितच मिळाला असेल.

बीडच्या बांगरचा हिशेब

बीडमध्ये जन्मलेल्या संजय बांगरची कसोटी कारकीर्द कागदावर पाहिली तर १२ सामने आणि ७ बळी एवढंच दिसतं. या आकड्यावर त्याला तोलणारा मोठी चूक करेल.

ऑगस्ट २००२, हेडिंग्लेचं मैदान. ढगाळ हवा, हिरवट खेळपट्टी, आणि भारताने नाणेफेक जिंकून स्वतःहून फलंदाजी घेतलेली. सलामीला गेलेल्या बांगरने चेंडू अंगावर घेत, सोडत, अडवत ६८ धावा केल्या आणि राहुल द्रविडबरोबर १७० धावांची भागीदारी रचली. पुढे द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली या तिघांची शतकं झाली. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात बांगरच्या सरळ, मध्यमगती चेंडूंनी दोन बळीही मिळवले. भारत एक डाव आणि ४६ धावांनी जिंकला. सामनावीर द्रविड ठरला आणि ते योग्यच होतं. पण तो सामना ज्यांनी पाहिला, त्यांना पहिल्या दिवशीच्या त्या तासांचं मोल ठाऊक आहे.

बांगरने आपलं बहुतेक क्रिकेट रेल्वेच्या संघाकडून खेळलं. रणजीच्या संथ खेळपट्ट्यांवर दिवसभर एका टोकाने मारा करायचा, धावा रोखायच्या, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला बळी मिळतात. या कामाला धावफलकात रकाना नाही. बेसबॉलने असा रकाना तयार करायचा प्रयत्न केला. एखाद्या खेळाडूच्या जागी सहज मिळणारा साधा खेळाडू घातला असता, तर हंगामात संघाचे किती विजय कमी झाले असते? या प्रश्नाच्या उत्तराला ते ‘वॉर’ म्हणतात, आणि मोठे करार करताना अशा एका विजयामागे किती डॉलर मोजायचे याचा हिशेब मांडतात. आकडा अचूक नसतो. पण ‘हा नसता तर काय झालं असतं?’ हा प्रश्न विचारण्याची सवय अचूक आहे.

उचल आणि लवाद

पगाराचा भाग बीडच्या वाचकाला समजावून सांगायला मला फार कष्ट पडणार नाहीत. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादम आधी उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि तो कोयता हंगामात किती टन ऊस तोडेल या अंदाजावर ती रक्कम ठरते. पैसा आधी, काम नंतर. आजारपण आलं, पाय मोडला, तर फिटली नाही ती उचल पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते.

पिचरचा मोठा करारही भविष्यातल्या कामावर आधी ठरवलेला दाम असतो. फरक मोठा आहे आणि तो विसरता कामा नये. तिथे हात मोडला तरी पैसे खेळाडूला मिळतात आणि तोटा मालक सोसतो. इथे तोटा कोयत्याच्या माथी येतो. डीग्रॉमचंच पाहा. डिसेंबर २०२२ मध्ये टेक्सास रेंजर्सने त्याच्याशी पाच वर्षांचा, १८ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. २०२३ मध्ये सहा सामने टाकून झाले आणि कोपराची शस्त्रक्रिया करावी लागली. २०२४ मध्ये जेमतेम तीन सामने. पगार चालू राहिला. म्हणून पिचर घेताना जाणकार वय, आधी टाकलेल्या चेंडूंचं ओझं आणि कोपर-खांद्याचा इतिहास आधी बघतात, आणि मग धावांचे आकडे.

लवाद हा शब्दही आपल्या ओळखीचा आहे. तोडणीचा दर ठरवण्यासाठी शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांचा लवाद बसायचा. मुंड्यांनंतर ती जागा पंकजा मुंडे यांनी घेतली, आणि जानेवारी २०२४ मध्ये दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्येही लवाद आहे. पहिली साधारण तीन वर्षं खेळाडू किमान पगारावर किंवा त्याच्या थोड्याच वर खेळतो. पुढची तीन वर्षं पगारावर एकमत झालं नाही तर प्रकरण लवादाकडे जातं. सहा वर्षं भरली की तो कुठल्याही संघाशी बोलणी करायला मोकळा. त्यांच्या लवादाची एक खास रीत आहे. खेळाडू एक आकडा मांडतो, संघ दुसरा मांडतो, आणि लवादाने दोहोंतला एक निवडायचा. मधला आकडा काढायला परवानगी नाही. त्यामुळे दोन्ही बाजू अवास्तव मागणी करायला धजत नाहीत आणि बरीच प्रकरणं आधीच मिटतात. २०१८ च्या त्या हंगामानंतर डीग्रॉमचा पगार ७४ लाख डॉलरवरून १ कोटी ७० लाखांवर गेला तो असाच, सुनावणीआधीच्या तडजोडीत. दहाच विजय असूनही, त्याच्या हातात जे होतं त्याचा दाम त्याला मिळाला.

आयपीएलच्या लिलावात अशी सावकाश तोलणी होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मिचेल स्टार्कवर कोलकात्याने २४ कोटी ७५ लाख रुपये लावले. २०२४ च्या हंगामात त्याने १७ बळी घेतले. भागाकार केला तर एका बळीला सुमारे १ कोटी ४६ लाख पडतात, आणि हंगामाच्या सुरुवातीला त्याच्या महागड्या षटकांवर भरपूर टीकाही झाली. मग पहिल्या क्वालिफायरमध्ये ३४ धावांत ३ बळी, अंतिम सामन्यात तीन षटकांत १४ धावा देऊन २ बळी, आणि करंडक कोलकात्याकडे. सगळे बळी एका भावाने मोजणारा भागाकार इथे लंगडा पडतो. कोणत्या वेळी, कुणापुढे, हे त्यात येतच नाही.

आणि दिग्विजय? २०२० चा हंगाम अमिरातीत झाला. मुंबईने करंडक जिंकला, पण दिग्विजयला एकही सामना खेळायला मिळाला नाही. पुढच्या हंगामाआधी संघाने त्याला मोकळं केलं. ज्याने एकही चेंडू टाकला नाही, त्याची किंमत बरोबर होती की चूक, हे कुठल्याच सूत्राने सांगता येत नाही. त्याच्यासारख्यांसाठी रोजचं खरं मोजमाप रणजीतच होतं. २०२१ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने सुधारलेल्या दरांनुसार वरिष्ठ पुरुष संघात नव्या खेळाडूला अंतिम संघात असताना दिवसाला ४०,००० रुपये मिळतात. चार दिवसांच्या सामन्याचे १ लाख ६० हजार. २० लाखांची लिलावातली बोली म्हणजे असे साडेबारा सामने. लिलाव काही मिनिटांत आटोपतो. साडेबारा सामन्यांना, संघात टिकलात तर, दोन हंगाम लागतात.

एक वही, साठ चेंडू

यंत्रं, रडार, संगणक यांच्याशिवायही यातलं बरंच काही आपल्याला करता येतं. चुना घ्या. चांगल्या टप्प्यावर, ऑफ यष्टीच्या रेषेत, दोन फूट लांब आणि एक फूट रुंद चौकट आखा. मुलाला दहा षटकं टाकायला लावा, मधे नेहमीसारखी विश्रांती देऊन. प्रत्येक चेंडूला वहीत एक खूण करा: चौकटीत, आखूड, पुढे, लेगला, वाइड. शेवटच्या दोन षटकांची बेरीज पहिल्या दोनांशी ताडून पाहा. थकल्यावर टप्पा किती ढळतो ते तिथे कळतं. सामन्यात कड लागलेले, चुकवलेले आणि फलंदाजाने निर्धास्त मारलेले चेंडू वेगळे टिपा. सुटलेले झेल गोलंदाजाच्या खात्यात बळी म्हणूनच धरा. आठवड्यात एकूण किती चेंडू टाकले हेही लिहा, कारण वाढत्या वयाचा खांदा एकदा गेला की कुठलीही वही तो परत आणून देत नाही.

आपल्या जिल्ह्यात गोलंदाज निवडताना अजूनही ‘किती बळी घेतले?’ हाच प्रश्न पहिला विचारला जातो. गेवराईत, केजमध्ये, आष्टीत, परळीत पोरांना घडवणाऱ्या सगळ्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. चेंडू हातातून सुटेपर्यंतचं काम त्या पोराचं आहे. ते मोजा, त्याला दाखवा आणि त्यावरच त्याला तोला. सुटल्यानंतर जे होतं त्यात झेल पकडणारे आहेत, खेळपट्टी आहे, वारा आहे. पुढच्या सरावाला जाताना एक वही, एक पेन्सिल आणि मूठभर चुना बरोबर घ्या.